मुरणारी फ्रेम

इरफान बागवानने दुकानातल्या स्टँडवर सायकल उलटी टांगली, खिशातला छोटा टॉर्च काढला आणि मागच्या शॉकच्या वरच्या जोडावर उजेड पाडला.

"हितं बघा मॅडम. दिसली?"

तृप्ती निकमने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. चीर केसाएवढीच होती, पण ट्यूबच्या अर्ध्या घेरापर्यंत गेली होती.

"वेल्डिंग होईल का रे?"

"होईल की. आणि भैरोबाच्या उतारावर तुटंल. मग तुमचं वेल्डिंग कोण करणार?"

तृप्तीला हसू आलं. साताऱ्यात सव्वीस वर्षं ती फिजिओथेरपीचा दवाखाना चालवत होती. मोडलेल्या, आखडलेल्या, गोठलेल्या माणसांना परत हलतं करायचं हेच तिचं काम. आणि चोपन्नाव्या वर्षी रोज पहाटे डोंगरात सायकल हाणायची हा तिचा छंद. दर जानेवारीला होणाऱ्या उताराच्या शर्यतीत, पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात, गेल्या वर्षी ती चौथी आली होती. तिसरीला तिच्यापेक्षा अकरा सेकंद कमी लागले होते. ते अकरा सेकंद वर्षभर तिच्या डोक्यात होते.

दुचाकीसारखे पुढेही शॉक, मागेही शॉक अशी ही फुल सस्पेन्शनची सायकल. तिची चाकं बदला, ब्रेक बदला, चेन बदला, सायकल तीच राहते. फ्रेम बदलली की मात्र सगळंच नवं. नऊ वर्षांची सवय त्या केसाएवढ्या चिरेने एका सकाळीत संपवली होती.

इरफानने तीन फ्रेम आणून टेबलावर ठेवल्या. पहिली ॲल्युमिनियमची. "जड आहे, पण बिनतक्रार. तुमच्या जुनीची बहीण." दुसरी कार्बनची, एका बोटावर उचलता येईल अशी. "हलकी. पण दगडावर आपटली तर तडा आतल्या आत जातो, वरून पत्ता लागत नाही." तिसरी राखाडी आणि निस्तेज होती. तिच्यावर ना रंग, ना चमक.

"ही काय आजारी आहे का?"

"ही कच्ची आहे," इरफान म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. तो खुर्चीत बसला म्हणजे गोष्ट लांबणार, हे तृप्तीला माहीत होतं.

त्याने जे सांगितलं त्यातलं अर्धं तिला आधीच ठाऊक होतं, कारण ते हाडांबद्दल होतं. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. रोज जिथे भार पडतो तिथे ते स्वतःला जाड करतं आणि जिथे पडत नाही तिथलं सामान काढून घेतं. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा भक्कम असतं, तर महिनोन् महिने अंतराळात तरंगून आलेल्यांची हाडं विरळ झालेली असतात. हे ती पेशंटना रोज समजावून सांगायची. संशोधकांनी हीच युक्ती उचलून फ्रेममध्ये घातली होती. ट्यूबच्या विणलेल्या तंतूंमध्ये राळेच्या लाखो सूक्ष्म कुप्या पेरलेल्या. सायकल चालवताना जिथे पुन्हा पुन्हा ताण येतो तिथल्या कुप्या फुटतात, राळ झिरपते आणि ती जागा कडक होते. जिथे ताण नाही तिथे फ्रेम लवचीक राहते. असे चाळीस तास चालवायची, मग इरफानच्या मागच्या खोलीतल्या भट्टीत तीन तास ठेवायची. उरलेल्या कुप्या उष्णतेने निकामी होतात आणि फ्रेम कायमची पक्की होते, ती चालवणाऱ्या त्या एका माणसाच्या अंगाची.

"म्हणजे लोणच्यासारखी मुरवायची."

"कंपनीवाले मोठं इंग्रजी नाव सांगतात. आम्ही आपलं मुरणंच म्हणतो. मधे एकदा, वीस तास झाले की आणा. आत ताण मोजणारी तार आहे, ती मशीनला जोडून बघू."

जुनी चाकं नि ब्रेक चढवून गल्लीतून दोन चकरा मारल्यावर तिला ती फ्रेम ढिली वाटली, गोंधळलेली वाटली. शहाणपणाची निवड ॲल्युमिनियमचीच होती. पण एखादी वस्तू आपल्या अंगाकडून शिकणार, हे ऐकून तिच्यातली फिजिओथेरपिस्ट गप्प बसेना. शिवाय ते अकरा सेकंद होतेच.

"हीच दे," ती म्हणाली.

"एक लक्षात ठेवा. भट्टीत जाईपर्यंत दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका. शेजाऱ्याला चक्कर मारायलाही नाही."

घरी शैलेश लॅपटॉपवर एका पुलाचं डिझाइन बघत बसला होता. तो पुलांचा इंजिनिअर. हल्ली सगळं काम घरूनच करायचा.

"मिळाली का फ्रेम?"

"मिळाली. अजून मुरायची आहे."

"छान," तो म्हणाला आणि पुलाकडे वळला. मुरायची म्हणजे काय, हे त्याने विचारलं नाही. तीही बोलली नाही. सायकल हा विषय त्या घरात सात वर्षांपूर्वीच बंद झाला होता.

त्याआधी दोघं मिळून डोंगरात जायचे, जवळजवळ पंधरा वर्षं. मग एका सकाळी भैरोबाच्या टेकडीमागच्या पाऊलवाटेवर, जिला सगळे 'पायरी' म्हणतात त्या गुडघाभर उंचीच्या कातळावरून उतरताना शैलेश पडला. डाव्या कॉलरबोनचे तीन तुकडे झाले. ऑपरेशननंतर सहा महिने तृप्तीने स्वतः त्याचा खांदा हलता केला. खांदा चांगला झाला, पण शैलेश परत सायकलवर बसला नाही. सायकल त्याने कुणाला तरी देऊन टाकली. तेव्हापासून ती पहाटे निघाली की तो पोर्चमध्ये चहाचा कप घेऊन उभा असायचा आणि एकच शब्द बोलायचा, "जपून." तो शब्द पहिला चढ संपेपर्यंत तिच्या पाठीवर बसून असायचा.

पहिले दहा तास फ्रेम चाचपडत होती. बाराव्या तासाला तृप्तीला फरक जाणवला. उजव्या वळणावर ती झुकली की सायकल तिच्या बरोबरीने झुकू लागली. चौदाव्या तासाला ती एका वळणावरून मोठ्याने ओरडत खाली आली आणि समोरून येणाऱ्या गुराख्याने टोपी सावरून विचारलं, "काय झालं ओ बाई?" "काही नाही, मजा आली!" तिने जाता जाता सांगितलं.

पुढे मात्र काहीतरी बिनसलं. ब्रेक दाबायच्या क्षणी फ्रेम आधीच ताठ व्हायची. डाव्या वळणावर किंचित मागे रेंगाळायची. बूट आपला, पण आत मोजा दुसऱ्याचा, असं काहीतरी. मोजणीच्या दिवशी तिने हेच इरफानला सांगितलं.

इरफानने फ्रेमची तार मशीनला जोडली आणि भुवया उंचावल्या.

"मॅडम, चाळीसपैकी तेहतीस तास झालेत."

"कसं शक्य आहे? डायरीत लिहितेय मी. एकवीस झालेत."

"मग बारा तास कुणीतरी दुसरं बसलंय." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. फ्रेमच्या चित्रावर ताणाचे रंग पसरले होते. त्याने एक बटण दाबलं आणि दोन चित्रं शेजारी शेजारी उभी राहिली. "ही तुमची, सकाळी सहा ते साडेसात. ही दुसरी बघा. दहा ते बारा, आठवड्यातनं तीन-चारदा. चोर म्हणावं तर परत आणून ठेवतोय! पोर्चला कुलूप नाही का तुमच्या?"

तृप्ती दुसऱ्या चित्राकडे बघत राहिली. डाव्या हँडलवर भार नाहीच म्हटलं तरी चालेल. तो सगळा उजव्या हातावर आणि उजव्या पायावर. ब्रेकच्या कितीतरी आधी सीटवरून उठणं. उतार सुरू होताच सगळं अंग मागे घेणं. नाव लिहिलेलं नव्हतं, चेहरा नव्हता, पण हा खांदा तिने सहा महिने रोज दोन वेळा हातात धरला होता. लाखभर खांद्यांतून तिने तो ओळखला असता.

"मॅडम? पोलिसात द्यायचं का?"

"नको," ती म्हणाली. "चोर ओळखीचा आहे."

आधी तिला हसू आलं. मग रागही आला, आणि इरफानने पुढचं सांगितल्यावर तो आणखी वाढला. सात तास उरले होते. शेवटच्या तासांत फुटणाऱ्या कुप्यांतली राळ सर्वात घट्ट असते, फ्रेमचा कल तीच ठरवते. ज्याचे हे सात तास, त्याची फ्रेम. दोघांनी वाटून घेतले तर ती धड कुणाचीच राहणार नाही. आणि नवी कच्ची फ्रेम मागवायची तर ती शर्यतीनंतरच येणार.

घरी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे पेशंट संध्याकाळवर ढकलले, नेहमीसारखी साडेनऊला बाहेर पडली आणि सरळ भैरोबाच्या टेकडीवर चढून पायरीच्या वरच्या अंगाला, कारवीच्या झुडपांमागे एका दगडावर बसली. शैलेश दुसरीकडे कुठे जाणार नाही, हे तिला माहीत होतं.

सव्वादहाला तो आला. अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, कारण साडेबाराला त्याची मीटिंग असायची. खाली घरातली ढगळ बर्मुडा, कोपरांना तिचेच जुने गुलाबी पॅड. पायरीच्या काठाशी तो थांबला, उतरला, वाकून खाली बघितलं.

"आज नाही," तो स्वतःशीच बोलला. थोड्या वेळाने म्हणाला, "बरं, आज."

तो दहा पावलं मागे गेला, बसला, आला आणि काठाशी करकचून ब्रेक मारून थांबला. पुन्हा गेला, पुन्हा थांबला. डावा खांदा कानापर्यंत चढलेला. 'खांदा सोड!' हे शब्द तृप्तीच्या अगदी ओठांवर आले. तिने तोंडावर हात दाबून धरला. तिसऱ्या वेळी काठावरून चाक घसरलं आणि तो सायकलसकट बाजूच्या गवतात आडवा झाला. ती ताडकन उठली. दोन पावलं पुढे टाकणार तोच तिला आवाज आला. शैलेश हसत होता. गवतात उताणा पडून, इस्त्रीच्या शर्टाला कुसळं लावून घेत, एकटाच खदाखदा हसत होता. हे हसणं तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं! ती परत दगडावर बसली.

चौथी खेप काठाशी अडली. पाचव्या वेळी त्याने ब्रेक सोडला. पुढचं चाक हवेत गेलं, मागचा शॉक दबला, उसळला, आणि सायकल पायरीखालच्या मातीवर सरळ धावत गेली.

"जमलं रे भावा!" शैलेश सायकलच्या हँडलवर थापा मारत ओरडला.

नेमका तेव्हाच तृप्तीचा फोन वाजला. गुडघ्याच्या व्यायामाबद्दल विचारणारे एक आजोबा होते. शैलेशने मान वर केली.

"किती वेळ बसलीयस?"

"पाचही वेळा होते." ती झुडपातून बाहेर आली आणि पायरी उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. "चोरून का शैलेश? आणि माझ्याच सायकलवर?"

"पहिल्या दिवशी फक्त ब्रेक बघायला बसलो होतो. खरंच. तुझे ब्रेक कायम ढिले असतात." त्याने शर्टाची कुसळं उपटायला सुरुवात केली. "मग कोपऱ्यापर्यंत गेलो. मग टेकडीपर्यंत. ती सायकल वेगळीच आहे, तृप्ती. मी घाबरायचो तिथे ती घाबरायची नाही. वळणाच्या आधीच हलकी व्हायची. तू माझ्या पुढे बसून चालवतेयस असं वाटायचं."

"मला सांगायचंस की."

"सांगितलं असतं तर तू बघायला आली असतीस."

"मग त्यात काय?"

"तू बघतेस ना, तेव्हा मी पेशंट होतो. मी कप उचलला तरी तुझी नजर खांद्यावर जाते. सात वर्षं झाली. मला एकदा, कुणी बघत नसताना, पडायचं होतं."

त्याचं खरं होतं. आत्ताही ती बोलत होती त्याच्याशी आणि बघत होती कॉलरबोनकडे. पण तिच्याही मनात सात वर्षांचं साचलेलं होतं.

"आणि तू? रोज सकाळी 'जपून' म्हणतोस. मला वाटतं, डोंगरात जाऊन मी तुझा काही गुन्हाच करतेय!"

"मलापण ने, असं म्हणायचं असायचं. तोंडातून 'जपून' यायचं."

मग तिने त्याला फ्रेमबद्दल सगळं सांगितलं: चाळीस तास, राळ, दुसऱ्याला न बसू देण्याची अट. ऐकता ऐकता शैलेशचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे मी तुझी शर्यत घालवली? अगं, मला वाटलं सायकल म्हणजे सायकल! मी आजपासून हात लावत नाही. ते उरलेले तास तुझे."

तो मनापासून बोलत होता, हीच अडचण होती. त्याने आज हात काढला तर परत कधी लावणार नाही, हे तिला दिसत होतं. तरीही "नको, तूच घे," हे तिच्या तोंडून निघालं नाही. सायकल हातात धरून दोघं चालत घरी आली.

दोन दिवस ती विचार करत होती. तिला शर्यत हवी होती, यात खोटं काही नव्हतं. दवाखान्यात एका बाईंचा गोठलेला खांदा फिरवता फिरवता ती तेच तेच हिशेब करत होती: वळणावर किती सेकंद, पायरीवर किती. तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, "कालपासून वेणी घालता येतेय हो मला. घरी कुणाला सांगितलं नाही अजून, आधी आरशात चारदा घालून बघितली." तृप्तीचे हात क्षणभर थांबले. दुपारी ती इरफानकडे गेली.

"ती ॲल्युमिनियमची अजून आहे का?"

"आहे की. पण तुमची मुरणारी?"

"ती मुरतेय. माझ्यासाठी ही ॲल्युमिनियमची काढून ठेव. माझं अंग कुठल्याही सायकलवर जमवून घेतं, समजवावं लागत नाही. त्याला मात्र ती मुरणारीच लागणार."

'त्याला' म्हणजे कुणाला, हे इरफानने विचारलं नाही, पण चोर ओळखीचा होता हे त्याच्या लक्षात होतं. तो मिशीत हसला.

संध्याकाळी तिने शैलेशला सांगितलं, "उरलेले तास तुझे. मी दवाखान्यात असेन. बघणार नाही, विचारणार नाही."

"आणि शर्यत?"

"जाणार आहे. जुन्या पद्धतीच्या फ्रेमवर."

"तृप्ती, अकरा सेकंद..."

"शैलेश, मी दोन दिवस झगडून हे बोलतेय. आता मला परत विचारात पाडू नकोस."

बघणार नाही म्हणणं सोपं होतं, पाळणं फार कठीण गेलं. एकदा तो कोपर खरचटून घेऊन आला. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेली तृप्ती स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मिक्सरच्या भांड्याचं झाकण कसं नीट बसत नाही, यावर पाच मिनिटं बोलली. शैलेशने शांतपणे कोपर धुतलं, मलम लावलं आणि झाकण बसवून दिलं.

ते तास भरले त्या दिवशी दोघं मिळून दुकानात गेली. इरफानने ताणाचा नकाशा पडद्यावर आणला. वरचे ठळक रंग शैलेशचे होते. डाव्या हँडलकडचा भार पूर्वी नावालाही नव्हता, आता उजव्याच्या बराच जवळ आला होता. तृप्तीने तो आकडा वाचला आणि जिभेवर आलेलं कौतुक गिळून टाकलं. मग वाटलं, हे गिळायची काय गरज?

"छान आलाय खांदा," ती म्हणाली.

"हे पेशंटला का मला?"

"तुला."

"फ्रेमच्या कागदावर मालकाचं एकच नाव टाकता येतं," इरफान म्हणाला. "पण खालचे रंग बघा, वळणांवर अजून मॅडमच आहेत. भट्टीतसुद्धा ते जाणार नाहीत."

"राहू देत," शैलेश म्हणाला. "वळणं तिलाच चांगली जमतात."

इरफानने फ्रेम भट्टीत सरकवून झाकण लावलं, आणि तीन तास कुठे घालवायचे म्हणून दोघं समोरच्या हॉटेलात मिसळ खायला गेली.

जानेवारीतल्या शर्यतीत तृप्ती सहावी आली. तिसरीत आणि तिच्यात तब्बल अर्ध्या मिनिटाचा फरक होता. तिला वाईट वाटलं. तसं दाखवायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण दोन दिवस तिने भांडी जरा जोरातच आपटली. शैलेशने एकदाही "वाईट वाटून घेऊ नकोस" म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो पहाटे साडेपाचलाच दोन्ही सायकलींच्या चाकांत हवा भरून पोर्चमध्ये उभा होता. चहाचा कप नव्हता. डोक्यावर हेल्मेट होतं.

यवतेश्वरच्या पुढे, पठाराच्या कडेला, वाट फुटत होती. डावीकडची नेहमीची होती. उजवीकडे एक अरुंद पायवाट गवतात शिरून दिसेनाशी होत होती. इतकी वर्षं येऊनही दोघांपैकी कुणी तिकडे गेलं नव्हतं. पुढे असलेल्या शैलेशने हँडल उजवीकडे वळवलं.

"ए, ती कुठे जाते?" तृप्तीने मागून ओरडून विचारलं.

"मला काय माहीत!" तो म्हणाला आणि उतारावर दिसेनासा झाला. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला, "ये! दगड आहेत, पण मस्त आहे!"

तृप्तीने ब्रेकवरची बोटं सैल केली आणि त्याच्यामागे सायकल सोडून दिली.